रनओव्हरनंतर मिस्टर पार बदललेत. तेच परत परत आठवायला लावणारी थेरपी करावी का?

मीनल_बदलापूर

नमस्कार मंडळी, एरवी फक्त वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय जरा, पण पूर्ण वाचा प्लीज.

आमचे हे लोकलवर मोटरमन आहेत, आधी मालगाडीवर होते. रनओव्हर, म्हणजे गाडीखाली माणूस येणं, हा प्रकार त्यांना नवीन नाही. मुंबईत रुळांवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं जातात, त्यातली कितीतरी नुसती रूळ ओलांडताना, मग ती कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली येणारच ना. आधी असं झालं की दोन दिवस गप्प असायचे, नीट जेवायचे नाहीत, मग ड्युटी सुरू झाली की गाडी रुळावर. पण गेल्या पावसाळ्यात वळणावर एक कॉलेजचा मुलगा आला, कानात हेडफोन, यांनी हॉर्न दाबून धरला तरी त्याला ऐकू गेलं नाही आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याने वळून यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यातच हे अडकलेत.

तेव्हापासून रात्री दचकून उठतात. झोपेत उशीवर हात असा गच्च दाबून धरतात की सोडवता येत नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोटरमनला गाडी चालवताना डेडमन हँडल दाबून ठेवावं लागतं, सोडलं की ब्रेक लागतो.) मटण-चिकन बंद केलंय. रस्त्यात हेडफोनवाला पोरगा दिसला की पलीकडच्या फूटपाथला जातात. आमचा मुलगा बारावीला आहे, त्याने घरात इअरफोन घातले तरी अंगावर धावून जातात, आणि मग तासभर बाथरूममध्ये. लेक आता बापाशी बोलत नाही. एकच पालुपद, "मी अर्धा सेकंद आधी ब्रेक टाकला असता तर."

सिक घेतली, जॉइन झाले, परत सिक. मध्ये ओळखीतल्या एका काउन्सेलरकडे नेलं तर तिने पहिल्याच बैठकीत सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वदवून घेतलं आणि "आता मोकळं वाटेल" म्हणाली. कसलं मोकळं, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. आता सायकियाट्रिस्ट म्हणतात हे पीटीएसडी आहे, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, गोळी देतो पण ट्रॉमावरची थेरपी करा, पीई किंवा ईएमडीआर. हे म्हणतात, जे विसरायचंय तेच रोज आठवायला पैसे मोजून जायचं? मला उत्तर देता आलं नाही. कुणी केलीय का ही थेरपी? आणि नोकरीवर परिणाम होईल ही भीती आहेच, ए-वन मेडिकलचा, म्हणजे गाडी चालवायला लागणाऱ्या फिटनेसचा प्रश्न आहे.


पक्या_पुणेरी

ताई वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगू का, काळ हेच औषध. उगाच खपली काढत बसू नका. इगतपुरीला १० दिवस विपश्यनेला पाठवा, माझा मेव्हणा जाऊन आला, माणूस बदलला.


गौरी_सायको

मीनलताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ट्रॉमाच्या केसेस बघते. इथे मी तुमच्या मिस्टरांचं निदान करत नाहीये हे आधीच सांगते, तुमचे डॉक्टर ते करतायत.

पक्या, विपश्यनेला माझा विरोध नाही, पण ताजा ट्रॉमा असलेल्या माणसाला १० दिवस मौनात, डोळे मिटून स्वतःच्या डोक्याबरोबर एकटं ठेवणं म्हणजे काहींच्या बाबतीत आगीत तेल. तिथल्या फॉर्ममध्येही मानसिक त्रासाबद्दल विचारतात ते उगीच नाही. आणि काळाचं म्हणशील तर बहुतेक लोकांना अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे त्रास होतो आणि आपोआप उतरतो हे खरंय, म्हणूनच पीटीएसडी म्हणायच्या आधी लक्षणं महिनाभर तरी टिकलेली असावी लागतात. पण इथे गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे. ज्यांचं उतरत नाही त्यांचं का उतरत नाही, तर बऱ्याचदा टाळण्यामुळे. मटण टाळलं, हेडफोनवाला टाळला, विषय टाळला, प्रत्येक वेळी त्या क्षणापुरतं बरं वाटतं, आणि मेंदूला संदेश जातो की ही गोष्ट खरंच भयंकर होती, बरं झालं पळालो. म्हणजे भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही.

त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, रोज आठवतंयच तर अजून काय आठवायचं. फरक असा की आत्ता त्यांना ते आठवत नाही, ते त्यांच्यावर येऊन आदळतं. तुकडा येतो, तो चेहरा, तो हॉर्न, हाताखालचं हँडल, आणि तो तुकडा "पावसाळ्यात झालं होतं" असा न येता "आत्ता होतंय" असा येतो. ते लगेच झटकून टाकतात म्हणजे गोष्ट दरवेळी सगळ्यात वाईट जागी तुटते. तिच्या आधी काय होतं, नंतर काय झालं, गाडी थांबली, गार्डशी बोलले, रिपोर्ट दिला, घरी आले, हे त्या तुकड्याला जोडलंच जात नाही. थेरपीत ते जोडायचं काम होतं, आपल्या मर्जीने, आपल्या वेगाने आणि सोबत कुणीतरी असताना.

पीई म्हणजे प्रोलाँग्ड एक्स्पोजर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एड्ना फोआ यांनी बसवलेली पद्धत. साधारण ८ ते १५ सेशन्स, दीड दीड तासाची. पहिल्या दोनेक सेशनमध्ये माहिती, श्वासाचा व्यायाम, आणि काय काय टाळलं जातंय त्याची यादी. प्रत्येक गोष्टीला ० ते १०० मार्क द्यायचे, किती धडकी भरते त्याचे. मोटरमनची यादी कशी असेल बघा, दुपारी कमी गर्दीत प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसणं ३०, हेडफोनवाल्या पोराशेजारी उभं राहणं ५०, गाडी आत शिरते त्या टोकाला पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहणं ६५, पहिल्या डब्यातून पॅसेंजर म्हणून त्या वळणावरून जाणं ८५. खालून सुरू करायचं आणि तिथे टिकून राहायचं, धडधड खाली येईपर्यंत. खरा धोका असलेलं काही करायला लावत नाहीत.

दुसरा भाग त्या दिवसाचा. डोळे मिटून, "मी चालवतोय, सिग्नल पिवळा आहे, तो दिसतो" असं वर्तमानकाळात सांगायचं, अर्धा-पाऊण तास, संपलं की परत पहिल्यापासून. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ते घरी रोज ऐकायचं. पण सांगून झालं की सेशन संपत नाही, उरलेल्या वेळात बोलायचं की आज काय वेगळं लक्षात आलं, त्याचा अर्थ काय लावताय. तुमच्या त्या काउन्सेलरकडे हेच राहिलं. घटनेनंतर एकदाच बसवून सगळं ओकायला लावायचं याला डीब्रीफिंग म्हणतात, त्यावर बराच अभ्यास झालाय, पीटीएसडी टाळायला त्याचा उपयोग दिसला नाही, काही जणांना उलट त्रास वाढला. एकदा उघडायचं आणि तसंच उघडं टाकून घरी पाठवायचं, त्याने काय होणार?

अर्धा सेकंदावर नंतर लिहिते, पेशंट आलेत.


शंकासुर

गौरी मॅडमचं पीईबद्दल पटलं. पण ईएमडीआरबद्दल (ती वाईट आठवण समोर धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटामागे डोळे फिरवायचे, ती थेरपी) कुणी भाबडेपणाने सांगायच्या आधी मी बोलतो. फ्रान्सीन शापिरो नावाच्या बाई १९८७ मध्ये पार्कात फिरत होत्या, डोळे इकडून तिकडे फिरले आणि त्यांना वाटलं त्रासदायक विचार हलका झाला. १९८९ ला पेपर. आणि आज जगभर लोक बोट हलवून पैसे घेतायत. मला तरी हे गंडेदोरेच वाटतात, फक्त सर्टिफिकेटवाले.


गौरी_सायको

शंकासुर, उगम मजेशीर आहे हे मान्य. पण उगमावरून उपचार बाद करायचा तर निम्मी मेडिकल सायन्स बाद होईल. ईएमडीआरवर नंतर नियंत्रित चाचण्या झाल्यात, बऱ्याच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या गाईडलाइनमध्ये पीटीएसडीसाठी ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, पीई त्यातलीच) आणि ईएमडीआर दोन्हीची शिफारस केलीय. वाद आहे तो वेगळ्याच गोष्टीवर, डोळे हलवणं खरंच लागतं का, की काम होतंय ते आठवण समोर धरून बसल्यामुळेच. तो वाद मिटलेला नाही आणि मीही मिटलाय म्हणणार नाही. एक स्पष्टीकरण मला त्यातल्या त्यात पटतं, हॉलंडमधल्या व्हॅन डेन हाउट वगैरे लोकांनी प्रयोग केले त्याचं. डोक्यात एकावेळी मावतं थोडंच. ते चित्र डोळ्यांपुढे धरायचं आणि त्याचवेळी हलणाऱ्या बोटामागे नजर ठेवायची म्हटलं की दोन्हीला पुरेशी जागा उरत नाही, चित्र फिकं पडतं, आणि ते फिकं झालेलंच परत आत जाऊन बसतं.

यात तपशील तोंडाने फार सांगावा लागत नाही, घरी रेकॉर्डिंग ऐकायचा होमवर्क नसतो. मीनलताई, तुमच्या मिस्टरांसारखे "बोलणार नाही" म्हणणारे पुरुष कधीकधी ईएमडीआरला तयार होतात आणि पीईला नाही. जे ते शेवटपर्यंत करतील ते त्यांच्यासाठी चांगलं. मध्येच सोडणारे खूप असतात, दोन्हीत.


विरार_फास्ट

मी पीई केलंय. सहसा लिहीत नाही याबद्दल पण ताईंचं वाचून राहवलं नाही.

११ जुलै २००६. मुंबईच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले त्यातल्या एका गाडीत मी होतो, डब्याच्या दुसऱ्या टोकाला म्हणून वाचलो. पीटीएसडी वगैरे शब्दही माहीत नव्हता. मी काय केलं तर लोकल सोडली, बँकेत बदली मागून घराजवळ आलो, दिवाळीत दारं खिडक्या लावून टीव्ही मोठ्याने. कितीतरी वर्षं असंच काढलं आणि मला वाटायचं मी मॅनेज केलंय. मुलीच्या लग्नात बँडवाल्यांबरोबर कुणीतरी माळ लावली आणि मी मांडवातून पळालो तेव्हा बायकोने धरून नेलं डॉक्टरकडे. म्हणजे उशीर झाला तरी उपयोग होतो, एवढं तरी माझ्यावरून घ्या.

आता आठवायला लावण्याबद्दल. माझ्याकडे इतकी वर्षं आठवण होती ती एवढीच, आवाज, मग काळा धूर, मग एक लेडीज चप्पल, आणि मी खाली उतरून रुळावरून चालत सुटलोय. आणि त्याला चिकटलेलं वाक्य, "लोक ओरडत होते आणि तू निघून आलास." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. थेरपिस्टपुढे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शर्ट भिजला, घरी जाऊन उलटी झाली. दुसऱ्या वेळीही हालत तीच. पण सांगत गेलो तसतसे मधले तुकडे यायला लागले. मला आठवलं की ओरडणं मला ऐकूच येत नव्हतं. कान गेले होते, नुसती शिट्टी वाजत होती, तोंडं उघडी दिसत होती फक्त. मानेवरून रक्त येत होतं ते मला दुसऱ्या कुणाचं वाटत होतं. आणि रुळाशेजारच्या वस्तीतली पोरं चादरी घेऊन धावत आली होती, त्यातल्या एकाने माझा दंड धरून मला बाजूला बसवलं होतं, आणि मी बसल्या बसल्या चादरीचं एक टोक धरून ठेवलं होतं. हे सगळं घडलं होतं ना माझ्याच बाबतीत! पण दरवेळी चपलेपाशी आलो की मी पळायचो, मग पुढचं दिसणार कसं.

रेकॉर्डिंग ऐकणं सगळ्यात नकोसं. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन ऐकायचो, बायको जिन्यात बसून राहायची. आधी भीती, मग राग, आणि मग एका टप्प्यावर चक्क कंटाळा यायला लागला, हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. आता मी लोकलने जातो. फटाके अजून आवडत नाहीत, ते तसेही कुणाला आवडतात या वयात.

ताई एक सांगतो, पहिले काही आठवडे त्रास वाढतो. झोप बिघडते, चिडचिड होते. हे आधी माहीत असलं तर घरचे घाबरून "बंद करा ते" म्हणत नाहीत.


गार्ड_आजोबा

मी रिटायर्ड गार्ड. आता ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे, आमच्या अंगवळणी गार्डच. मीनलबाई, तुमच्या यजमानांना सांगा की प्रत्येक रनिंग रूममध्ये (ड्युटीच्या मध्ये आम्ही आराम करतो ती खोली) असे दोघेतिघे असतात, कुणी बोलत नाही एवढंच. आमच्या काळी रनओव्हर झाला की मेमो द्यायचा, पंचनाम्याचं पोलीस बघतील, गाडी पुढे काढा, मागे लोकलची रांग लागलीय. संध्याकाळी कुणीतरी बाटली आणायचं. तेच आमचं काउन्सेलिंग. त्यात दोन चांगले मोटरमन वाया गेलेले मी बघितलेत म्हणून दारूकडे लक्ष ठेवा.

मेडिकलचं म्हणाल तर भीती खोटी नाही. ए-वन गेलं की गाडी गेली, गाडी गेली की मायलेज, म्हणजे गाडी चालवण्याचा भत्ता गेला, पगारात केवढा फरक पडतो ते रनिंग स्टाफच्या घरातच कळतं. पण हात उशीवर आवळला जातोय, झोप नाही, आणि असा माणूस बारा डबे घेऊन निघतो, हे त्यांना तरी पटतं का? मी असतो तर लोको इन्स्पेक्टरशी, म्हणजे मोटरमनवर देखरेख करणाऱ्याशी, खाजगीत बोललो असतो, त्यातले बरेच जण स्वतः चालवून आलेले असतात, त्यांना कळतं. युनियनवाल्यालाही गाठा. आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेची गोळी आणून खाऊन ड्युटीवर जाऊ नये, हे मात्र हात जोडून सांगतो.


मीनल_बदलापूर

सगळ्यांचे खूप आभार. विरारफास्ट दादा, तुमचं मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चादरीचं आलं तेव्हा उठून गॅलरीत गेले, पण मग परत येऊन म्हणाले पुढचं वाच. आजोबा, तुम्ही झोपेच्या गोळीचं बरोबर ओळखलंत, अल्प्राझोलाम घेत होते, मी आता काढून ठेवलीय.

गौरी मॅडम, तुमचं अर्धा सेकंदाचं राहिलं.


गौरी_सायको

ताई, गोळी एकदम काढून घेऊ नका! रोज घेत असतील तर अचानक थांबवल्याने त्रास होऊ शकतो, आजच डॉक्टरांना फोन करून कशी कमी करायची विचारा. आजोबांचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं, त्या गटातल्या गोळ्या पीटीएसडीवर उपाय नाहीत, गाईडलाइन्स नकोच म्हणतात. सर्ट्रालीनसारखी डिप्रेशनवरची औषधं दिली जातात, ती वेगळी. आणि डॉक्टरांना "मोटरमन आहेत" हे प्रत्येक वेळी सांगा, डोस आणि वेळ त्यावर ठरते.

आता अर्धा सेकंद. यासाठी तिसरी एक थेरपी आहे, सीपीटी म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, पॅट्रिशिया रेझिक यांची, साधारण १२ सेशन्सची. त्यात घटनेचं चित्र बाजूला राहतं आणि त्यातून माणसाने काढलेला निष्कर्ष पकडतात. "मी आधी ब्रेक टाकला असता तर तो वाचला असता" हे वाक्य कागदावर लिहायचं आणि तपासायचं, कोर्टात तपासतात तसं. "नाही हो, तुमची काही चूक नाही" हे तुम्ही, आजोबा, सगळे रेल्वेवाले हजार वेळा म्हणालात, उपयोग झाला? नाही होणार. त्यांनी स्वतः गणित करायला हवं. गाडी ताशी ८० ने होती समजा, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अर्ध्या सेकंदात ११ मीटर. बारा डब्यांची भरलेली लोकल इमर्जन्सी ब्रेक टाकून थांबायला किती अंतर घेते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहितीय? काही शे मीटर. आणि वळणावरून तो दिसला किती मीटरवर? हे आकडे त्यांनी त्यांच्या हाताने मांडले की जे समोर येतं ते डोळ्यांआड करता येत नाही.

पण एक गंमत सांगते, गंमत कसली. गणित सुटल्यावर बऱ्याच जणांना आधी बरं वाटत नाही, वाईट वाटतं. कारण "माझी चूक होती" यात एक आधार असतो, की पुढच्या वेळी मी नीट वागलो तर असं होणार नाही. चूक नव्हती म्हटलं की मान्य करावं लागतं की माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि उद्याही नसेल. मग रडू येतं. त्या मुलासाठी पहिल्यांदा रडतात, तोपर्यंत स्वतःला मारण्यातच वेळ गेलेला असतो. मुलावर, म्हणजे तुमच्या लेकावर जो राग निघतोय तोही यातूनच असावा, पण हे मी लांबून बोलतेय.


शंकासुर

हे सीपीटीचं चांगलं लिहिलंय, मागे घेतो काही शब्द. (ईएमडीआरवरचे नाही.) एक प्रश्न, ती आठवण पुसून टाकणारी गोळी येणार होती ना, बीपीची कसली तरी?


गौरी_सायको

प्रोप्रानोलॉल. २००० साली उंदरांवर दिसलं की भीतीची आठवण जागी केली की ती काही काळ कच्ची होते आणि परत पक्की व्हावी लागते, तेव्हा मध्ये गोळी द्यायची अशी कल्पना. माणसांवरचे निकाल उलटसुलट आहेत, रोजच्या प्रॅक्टिसमध्ये आलेलं नाही. आणि पुसली वगैरे जात नाही, आठवण राहते, फक्त तिचा चटका कमी होतो. पीईमध्येही तेच, जुनी भीती खोडली जात नाही, तिच्या शेजारी नवीन शिकलेलं उभं राहतं. म्हणून खूप ताणाच्या दिवसात जुनं परत डोकं वर काढू शकतं, त्याला थेरपी फसली असं म्हणत नाहीत.


मीनल_बदलापूर

ते एका अटीवर तयार झालेत, पहिल्या दिवशी तो विषय काढायचा नाही. चालतं का असं? आणि बदलापूरहून मुंबईला दर आठवड्याला जाणं, तेही लोकलने, सध्या शक्य नाही. फी पण बघायचीय.


गौरी_सायको

चालतं, उलट तसंच असतं. पहिल्या भेटीत झोप, दारू, तब्येत, घरात कोण कोण, आधीचे रनओव्हर किती, आणि जीव द्यावासा वाटतो का हे विचारतील. घटनेबद्दल चारपाच वाक्यं पुरतात. कुणी पहिल्याच दिवशी सविस्तर हकीकत मागितली तर "आज नको" म्हणायचा त्यांना हक्क आहे.

व्हिडिओ कॉलवर पीई आणि सीपीटी दोन्ही व्यवस्थित होतात, अभ्यास आहेत त्यावर, फक्त घरात बंद होणारी एक खोली हवी आणि लेक त्यावेळी क्लासला असावा. फोन करताना सरळ विचारा, आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का, पीई, सीपीटी, ईएमडीआर यातलं कशाचं ट्रेनिंग घेतलंय, आतापर्यंत केलंय का. "आम्ही सगळं मिक्स करतो" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत सायकियाट्रीची ओपीडी आहे, स्वस्त पडेल, पण गर्दीमुळे दर आठवड्याला दीड तास मिळेलच असं नाही, ते आधी विचारून घ्या.

आणि मधल्या काळात "मी नसतो तर बरं" असं काही बोलले तर वाट बघायची नाही, टेली-मानस १४४१६, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलतात. मुलगा त्यांच्याशी बोलत नाही म्हणालात, त्यालाही नंबर देऊन ठेवा, तोही घरात एकटाच आहे. कल्याण-डोंबिवलीकडची ट्रॉमा करणारी दोनतीन नावं मला माहितीयत, व्यनि करते.